उचलता येईल एवढंच झाड

बिऱ्हाड हलवताना आधी काय न्यायचं, याबद्दल वयनीचं मत पक्कं होतं. देव नव्हे, स्टोव्ह नव्हे, तांदळाचा डबाही नव्हे. आधी झाडं. "देव काय, फोटोत आसत. तेंका काय ऊन लागता?" ती म्हणायची. आणि झाड कुठलं न्यायचं? एका माणसाने, कुणाला हाक न मारता, जिना उतरून नेता येईल ते. त्याहून मोठं झालं की तिच्या लेखी ते झाड राहत नसे. "ता झाड नाय रे झिला, ता कपाट."

बाबांना हे माहीत नव्हतं. वयनी आमच्याकडे राहायला आली त्या वर्षी दिवाळीला त्यांनी तिला भेट म्हणून सिमेंटची एक कुंडी आणली. नक्षीची, बाहेरून पांढरा रंग दिलेली. वयनीने कुंडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "भावजी, ही घेवन खाली जावा आणि परत वर येवा."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाबांनी विचारलं, "कशाला?"

"जावा तर."

बाबा भिडस्त. गेले. येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी कुंडी टेकवली, ती टेकवलीच. घाम पुसत वर आले तेव्हा वयनी दारात उभी होती. "आता सांगा, कुंडी कोणाची? तुमची नाय, माझी नाय. ती जिन्याची."

ती कुंडी मग जिन्याचीच झाली. लोक तिच्यात जळक्या काड्या टाकत. मुलं लपाछपीत तिला भोज्या करत. पुढे काय काय झालं तरी ती कुंडी तिथून हलली नाही.

वयनी म्हणजे मालवणीत वहिनी. ती मुळात कुणाची वहिनी, ते मला कधी नीट कळलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत ती आली ती हे नाव घेऊनच. आई तिला वयनी म्हणे, बाबा वयनी म्हणत, आणि तिचा मुलगा शोभेल अशा वयाचा मी, मीही वयनीच म्हणत असे. ठेंगणी, काटक. लुगडं गुडघ्याच्या जरा खालीच संपणारं. तोंडात पान. बोलताना तुमच्याकडे बघायची नाही, तुमच्या मागच्या भिंतीवर ऊन कुठपर्यंत आलंय ते बघायची.

ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सूत एका बॉबिनवरून दुसऱ्यावर गुंडाळायचं आणि धागा तुटला की सांधायचा, हे तिचं काम. तिचा नवरा त्याच गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होता. संप सुरू झाला तेव्हा गिरणगावातल्या पुष्कळ माणसांसारखा तोही 'मिटेपर्यंत' म्हणून गावाला गेला. संप मिटला नाही आणि तो परत आला नाही. गावात ताप आला आणि तो गेला. दिवस करून वयनी एकटीच मुंबईला आली, तर ज्या खोलीत ती दोघं राहायची ती खोली दिराच्या नावावर होती, आणि दिराचं कुटुंब वाढलं होतं.

तेव्हापासून ती पोटभाडेकरू. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या मोरीशेजारच्या तुकड्यात. गिरणगावात त्या वेळी पोटभाडेकरूला वर्षाच्या आत उठवायची रीत होती. जास्त राहू दिलं तर रेशनकार्डावर नाव चढेल, मग ती हलणार नाही, अशी भीती. म्हणून माणसं चांगली असली तरी वर्ष भरत आलं की चहा देताना नजर चुकवायला लागत. वयनीला ती चुकवलेली नजर लगेच कळे. कुणाला तोंडाने सांगावं लागत नसे.

आमचे बाबा बंदरात कारकून होते. संपात आमच्या मजल्यावर ज्या थोड्या घरांत दोन्ही वेळा चूल पेटायची, त्यात आमचं एक. याची मला तेव्हाही लाज वाटायची. समोरच्या खोलीतला माझा मित्र दुपारी खाली जाऊन बसायचा, आमच्या फोडणीचा वास येऊ नये म्हणून. मी कॉलेजात होतो, आणि पोटभर जेवून अभ्यासाला बसणं ही काहीतरी चोरी आहे असं मला वाटे. आमची खोली मजल्याच्या टोकाला होती, त्यामुळे गॅलरीचा शेवटचा तुकडा पत्रा लावून आम्ही आत घेतला होता. कुणीतरी वयनीबद्दल सांगितलं आणि बाबांनी तो तिला दिला. तिच्या येण्याने माझी लाज थोडी कमी झाली, हेही खरं आहे.

ती आली ती हातगाडीवरून. गाडीत सगळे डबे. तेलाचे चौकोनी डबे अर्धे कापून, कडांना तार ओवून केलेली कडी. रंगाचे डबे, फुटक्या बादल्या, एक जुना हंडा. प्रत्येकाला उचलायला काहीतरी होतंच. मधोमध एक ट्रंक आणि गुंडाळलेली वळकटी, जणू झाडांना टेकायला ठेवलेली.

तिच्या झाडांना झाडांची नावं नव्हती. ती जिथून आली त्या जागेचं नाव. तिचा नियम असा की जागा सोडताना तिथल्या कुणाकडून तरी एक फांदी किंवा रोप घ्यायचं, आणि आपलं एक झाड तिथे मागे ठेवायचं. त्यामुळे तुळस ही 'काळाचौकी'. ओवा म्हणजे 'शिवडी'. मोगरा 'चिंचपोकळी'. अबोली 'गाव'. आमच्या घरात मग असं बोलणं ऐकू येऊ लागलं :

"अगो, शिवडीची चार पाना तोड, भजी करतंय."

"चिंचपोकळीक कळी धरली काय बघ."

"काळाचौकीक मासळीचा पाणी घालू नको हां. ती माळकरी."

मासे धुतलेलं पाणी बाकीच्यांना मिळे. पण श्रावणात नाही. श्रावणात वयनी मासे खात नसे आणि झाडांनाही खाऊ देत नसे. आई एकदा म्हणाली, "झाडांना कसला गो श्रावण?" तर वयनी म्हणाली, "माझ्या घरात ऱ्हवतत ना? मग?"

तिची माती वेगळी होती. डबा उचलून बघितला तर हात फसायचा, इतका हलका. नारळाची सोडणं सोलून, त्यांचा काथ्या बारीक करून, त्यात चहाचा चोथा, सुका पाला आणि कापसाचा कचरा. खरी माती मूठभरच. "माती जड. माती घराची. आपल्याक काथ्या पुरे," ती म्हणायची. प्रत्येक डब्यावर चुन्याची एक उभी रेघ असे. पानाच्या डबीतला चुना बोटाला लावून ती ओढायची. झाडाची जी बाजू पूर्वेला असेल तिथे ती रेघ. नव्या जागेत गेल्यावर रेघ पुन्हा पूर्वेला करायची. "नायतर ता मान वळवून वळवून दमता," म्हणायची.

आणि अमावास्येला प्रत्येक डबा उचलायचा. उचलून, खालून हात फिरवून, परत ठेवायचा. डब्याच्या भोकातून मुळं बाहेर येऊन फरशीत शिरतात, त्यांना तशी सवय लागू द्यायची नाही. ती हे इतक्या निगुतीने करायची की मला वाटे, ही डबे उचलत नाही, पाळण्यातल्या बाळांची दुपटी बदलतेय.

त्या दुपारी मला अजून आठवतात. आठवतात म्हणण्यापेक्षा, अजून स्वप्नात येतात. गिरण्यांचे भोंगे बंद. आई भोंग्यावर भात टाकायची, तिला कळेनासं झालं होतं की भात कधी टाकायचा. चिमण्यांना धूर नाही, त्यामुळे आभाळ कधी नव्हे एवढं स्वच्छ. सगळा मजला जागा आणि सगळा मजला गप्प. आणि गॅलरीच्या टोकाला पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीत वयनी डबे एक एक करून पुढे सरकवतेय. ऊन सरकेल तसे डबे. स्वप्नात ते डबे आपले आपण सरकतात, गॅलरीच्या टोकाशी पोचतात, आणि न थांबता हवेतून पुढे चालू लागतात. शिवडी पुढे, काळाचौकी मागे. खाली रस्त्यावर माणसं वर बघतायत.

एका डब्याबद्दल सांगायचं राहिलं. त्याचं नाव 'गिरण'. गिरणीच्या आवारात एक लहान देऊळ होतं आणि देवळामागे सोनचाफा. संपाच्या आधी शेवटच्या पाळीला वयनी बाहेर पडली तेव्हा चाफ्याखाली बी पडून उगवलेलं एक बोटभर रोप तिने उपटून रुमालात गुंडाळून आणलं होतं. नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला होता, "ह्येका फूल येयपर्यंत संप मिटात." एवढंच त्याचं बोलणं, पण वयनी ते विसरली नाही. संपाशी आता तिला काही घेणं नव्हतं. फूल मात्र तिला बघायचं होतं.

चाफा डब्यात फुलत नाही. त्याला मुळं पसरायला लागतात. आणि वयनी दर जागा बदलताना त्याची मुळं छाटायची, शेंडा खुडायची, नाहीतर तो जिना उतरला नसता. म्हणजे ती फुलाची वाट बघायची आणि स्वतःच्याच हाताने ते लांबवायची. आई एकदा तिला म्हणाली, "वयनी, देवन टाक गो कोणाक तरी. खाली जमिनीत लावतील."

"आणि मी?" वयनीने विचारलं. मग तिने विषय बदलला.

आमच्याकडे तिचं वर्ष भरलं आणि बाबांनी काही म्हटलं नाही. दुसरंही भरलं. नजर चुकवायची कशी, हे बाबांना येतच नव्हतं. वयनीने पहिल्यांदा भिंतीला एक खिळा मारला. आईशी बोलताना ती 'जागा' म्हणायची, ते एकदोनदा 'घर' झालं. आम्ही लक्ष दिलं नाही.

मग माझं लग्न ठरलं.

नव्या जोडप्याला झोपायला ती गॅलरी लागणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. वयनीला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. रात्रीची भांडी घासून झाली की आई दबक्या आवाजात म्हणायची, "तुम्ही सांगा." बाबा म्हणायचे, "बायकांच्या गोष्टी आहेत, तू सांग." आई म्हणायची, "तुम्ही आणलंत तिला." मग दोघं माझ्याकडे बघायची, आणि मी पुस्तकात डोकं घालायचो. लग्न माझं होतं. पत्रिका छापून आल्या, हळदीचा दिवस ठरला, तरी आम्ही तिघंही गप्प. वयनी पत्रिका पालथी करून वास घेऊन म्हणाली, "शाई चांगली हा."

एका सकाळी आई भाकऱ्या थापत होती. वयनी तिच्यासमोर बसून चहा पीत होती. आईचं लक्ष गॅलरीकडे गेलं. डब्यांखालची फरशी कोरडी होती.

"वयनी, आज झाडांक पाणी नाय घातलंस?"

"नाय गो."

"कित्या?"

"ओली माती जड जाता."

आईचा हात परातीत तसाच राहिला. मी दारात उभा होतो. वयनी दोन दिवस पाणी तोडते ते फक्त हलायच्या आधी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"खंय जातलंस?" आईने विचारलं.

"हिंदमात्याच्या मागे एक खोली गावली. ऐतवारी जातंय. झिलाच्या हळदीच्या आदी." आणि मग माझ्याकडे न बघता, माझ्या मागच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "बायलेक गॅलरीत वारो चांगलो लागतलो. पत्र्याचा भोक तेवढा बुजव."

मी "हो" म्हणालो. आजवर मी तिला जे जे काही बोलायला हवं होतं, त्यातलं एवढंच बोललो.

रविवारी हातगाडी आली. डबे खाली नेताना वयनी कुणाला हात लावू देत नव्हती. काळाचौकी गेली, शिवडी गेली, गाव गेलं. शेवटी गिरण राहिली. वयनीने दोन्ही हातांनी कडी धरली आणि उचलली.

डबा उचलला गेला नाही.

तिने पुन्हा ओढलं. डबा फरशीला धरून बसला होता. बाबा वाकले, मी वाकलो. डब्याच्या भोकातून एक जाड मूळ निघून फरशीच्या दोन लाद्यांमधल्या फटीत गेलं होतं. आजचं कालचं नव्हतं ते. करंगळीएवढं झालं होतं.

आई म्हणाली, "वयनी, ह्या तू उचलूक नाय?"

"इसारलंय," वयनी म्हणाली.

अमावास्या विसरणारी बाई नव्हती ती. बाकीचे सगळे डबे तिने दर अमावास्येला उचलले होते, आम्ही दर वेळी बघत होतो. एवढा एकच उचलला नव्हता. आई पदराने तोंड पुसत आत गेली. बाबा म्हणाले, "वयनी, राहा. आपण करू काहीतरी." आता म्हणाले.

वयनी खाली बसली. तिने मूळ तोडू दिलं नाही. बाबांकडून पटाशी घेऊन तिने लादीची कड उचकटली, आणि मूळ बोटाने मोकळं करत करत बाहेर काढलं. मग डबा माझ्या हातात दिला.

"हेका मागे नळाकडे जमिनीत लाव. तिकडे सकाळचा ऊन येता."

"वयनी, ही गिरण तुझी..."

"हयसर एक ठेवकच होया ना मागे? मग ही ठेवतंय." तिने चुन्याच्या डबीत बोट घातलं आणि डब्यावरची फिकी झालेली रेघ पुन्हा ठळक केली. "ही आता काय चलाची नाय. आणि तुमी काय हलणारी माणसा नाय."

मी गाडी ढकलत तिच्याबरोबर गेलो. लालबाग सोडून परळवरून हिंदमाता टॉकीज. तिथे साड्यांच्या दुकानासमोर गाडी अडकली, तर एक बाई पिशव्या सांभाळत जवळ आली. "मोगरा केवढ्याला दिलात?"

"ह्यो माझो संसार गो," वयनी म्हणाली, "विकूक काढूक नाय."

"एवढी सगळी?"

"फांदी व्हयी तर घे." आणि तिने चिंचपोकळीची एक फांदी मोडून त्या बाईच्या नव्या साडीच्या पिशवीत खोचली. ती बाई बघतच राहिली. गाडी पुढे गेली. वयनी हसत होती. मला मात्र काही दिसेनासं झालं होतं.

चाफा मी नळाच्या मागे, भिंतीकडेच्या मातीच्या पट्ट्यात लावला. रेघ पूर्वेला केली, मग डबा कापून काढला. पहिल्या वर्षी तो नुसता उभा राहिला. मग वाढायला लागला, तो ऐकेचना. वयनीकडे मी मात्र फारसा गेलो नाही. लग्नानंतर एकदा दोघं जाऊन पाया पडून आलो. मग नोकरी, मुलगी, आईचं आजारपण. नोकरी आणि मुलगी सगळ्यांनाच असते, हे मला माहीत आहे.

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी एका सकाळी सबंध चाळीला वास आला. बायका गॅलरीत आल्या. कुणी म्हणालं, कुणी अत्तर सांडलं रे? पहिल्या मजल्यावरचे एक म्हातारे विणकर तोंडात ब्रश तसाच ठेवून खाली उतरले, चाफ्याखाली उभे राहिले. बराच वेळ. मग तोंड धुऊन आले आणि मला म्हणाले, "पहिल्या पाळीला गेटातून आत शिरलं की हा वास यायचा."

मी फुलं ओल्या रुमालात गुंडाळली आणि निघालो.

हिंदमात्याच्या मागच्या खोलीत वयनी नव्हती. दाराशी रंगाच्या डब्यात अबोली होती, डब्यावर चुन्याची रेघ. आतल्या बाईने सांगितलं, ती माझगावला गेली. माझगावात एका जुन्या चाळीत दार उघडलं ते फ्रॉक घातलेल्या एका म्हाताऱ्या ख्रिश्चन बाईने. तिच्या खिडकीत ओवा होता. "वो पेडवाली? वो तो वरली गया, बीडीडी चाळ. ये मेरे को देके गया." मग तक्रारीच्या सुरात, "बोली, अमावास को उठाने का. मेरे को क्या मालूम अमावास कब आता! मैं हर संडे उठाती, चर्च से आके."

मुंबईभर मी असा वयनीच्या मागे मागे गेलो. ती नाही, पण तिने मागे ठेवलेलं झाड आहे, आणि त्याची रेघ पूर्वेला आहे. त्या दुपारी मला हे शहर वेगळंच वाटलं. वाटलं, याच्या सगळ्या गॅलऱ्या एकमेकींना ओळखतात.

बीडीडी चाळीच्या लांब गॅलरीत ती बसली होती. आणखी लहान झालेली. आणि तिचे डबेही लहान झाले होते. तेलाचे डबे गेले होते, बादल्या गेल्या होत्या, त्यांची जागा पावडरच्या डब्यांनी, बिनकानाच्या कपांनी घेतली होती. काळाचौकी एका कपात होती. हाताला जेवढं उचलेल तेवढंच, हा नियम तिने मोडला नव्हता.

मी रुमाल उघडला. फुलं तोवर तपकिरी पडली होती.

वयनीने एक फूल नाकाशी धरलं. डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो. काय ऐकायला आलो होतो, कुणास ठाऊक. बहुतेक माफी.

"मुळा खंय पोचली?" तिने विचारलं.

"नळाच्या भिंतीखाली गेली. प्लंबर शिव्या घालत होता."

ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "घालू दे. घालू दे शिवे."

"वयनी, चल ना एकदा. बघायला तरी."

"जिनो खंय उतारतंय आता? आता मीच जड झालंय." मग फूल केसांत खोचत तिने मला जवळ बस म्हणून खूण केली. "हय बघ."

शेजारच्या दारात जास्वंद होती. तिची एक फांदी वयनीने ओढून घेतली. नखाने सालीचं एक कडं सोलून काढलं. सोललेल्या जागी ओला कापूस आणि काथ्या लावला, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं, आणि दोऱ्याने बांधलं. एका हाताने बांधलं. तुटलेलं सूत सांधायची वाइंडिंगमधली ती गाठ, डोळ्यांना दिसायच्या आत पडणारी, आणि मग कुणाच्या बापाला न सुटणारी.

"हयसर मुळा फुटतत. मगे खालून कापूचा आणि डब्यात लावूचा. झाड चलना नाय रे. फांदी चलता."

"मला कशाला हे, वयनी? आम्ही कुठे जाणार?"

ती माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, "सगळी तसाच म्हणतत. शिकून ठेव."

त्यानंतर दर मोसमात एकदा मी फुलं घेऊन वरळीला जात असे. एका वर्षी जरा उशिरा गेलो. तिची खोली बंद होती. पण त्या लांब गॅलरीत दारादाराशी एक एक कप होता, एक एक पावडरचा डबा होता, आणि सगळ्यांवरच्या चुन्याच्या रेघा एकाच दिशेला तोंड करून होत्या. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

आता आमची चाळ पाडतायत. टॉवर होणार आहे. तो होईपर्यंत भाड्याने राहायचं, कुठे ते ज्याचं त्याने बघायचं. आई-बाबा गेले, ते एका अर्थी बरं झालं. आम्ही हलणारी माणसं नव्हतो. उभ्या आयुष्यात वयनीने एवढाच एक भरवसा ठेवला, आणि तो आमच्यावर ठेवला.

चाफा आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेलाय. तो जाईल. मी विचारून बघितलं, अर्ज करून बघितले. जे मशीन येणार त्याला झाड आणि भिंत यांतला फरक कळत नाही.

पावसाळ्यात मी चाफ्याच्या हाताला येणाऱ्या फांद्यांवर तशीच कलमं बांधली. ती गाठ मला आली नाही. बायकोने दोऱ्याचं दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून एक ओबडधोबड गाठ मारली. हिच्यासाठी गॅलरी रिकामी झाली होती. तिने लग्नानंतर हे ऐकलं तेव्हापासून गॅलरीत झोपताना ती त्या उचकटलेल्या लादीवर पाय ठेवत नसे. बांधताना मी म्हणालो, "लागणार नाहीत बहुतेक. चाफा हट्टी." ती म्हणाली, "बांधा आधी."

चाळ रिकामी होत गेली. एकेक खोलीचं दार उघडं पडत गेलं. कलमं काळी पडली. एक सोडून. त्याच्या प्लॅस्टिकमधून एका सकाळी पांढरे धागे दिसले, सुतासारखे.

मी तेलाचा डबा कापला, तारेची कडी केली, काथ्या भरला. फांदी कापून लावली. बायको दारात उभी होती.

"आधी जिना," ती म्हणाली.

मी डबा घेऊन तीन मजले उतरलो आणि चढलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सिमेंटची कुंडी होती, तशीच. मी तिथे थांबलो नाही. वर आलो तेव्हा धाप लागली होती, पण डबा टेकवला नव्हता.

"जमतंय?"

"जमतंय."

निघायच्या दिवशी आधी डबा खाली नेला. मग देव, मग बाकीचं. नळामागे जाऊन चाफ्याला हात लावला. जागा सोडताना एक झाड मागे ठेवायचं असतं. ते ठेवलं.

टेम्पोवाला म्हणाला, "अंकल, वो डब्बा पीछे रख दो." मी ऐकलं नाही. डबा मांडीवर घेऊन पुढे बसलो. बायको खिडकीशी. टेम्पो लालबागवरून परळला वळला, आणि चुन्याची रेघ पूर्वेची उत्तरेला गेली. मी डबा थोडा फिरवला. परळला पुन्हा वळण. पुन्हा फिरवला.

"अहो, काय चाललंय?" बायको म्हणाली. "होकायंत्र आहे का ते?"

हिंदमात्याला सिग्नल लागला. फुटपाथवरच्या एका बाईने खिडकीतून आत बघत विचारलं, "चाफा आहे ना? केवढ्याला?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण बायको आधी म्हणाली, "विकायचा नाहीये हो. आमचं बिऱ्हाड आहे."

सिग्नल सुटला. टेम्पो डावीकडे वळला. मी डबा पुन्हा जरासा फिरवला, आणि या वेळी बायकोने एका हाताने तो धरून ठेवला, रेघ सुटू नये म्हणून.